भानावर आलेली पटाचारा

पटाचारा हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे, लोकांनी ठेवलेलं. पट म्हणजे वस्त्र. अंगावर वस्त्र आहे की नाही याचंही भान न राहता रस्त्यानं भटकणारी, ती पटाचारा, असा एक अर्थ जुने टीकाकार सांगतात. म्हणजे आपल्याकडे गावात एखादीला 'येडी' म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. पुढे तीच बाई बुद्धाच्या भिक्षुणी संघातली मोठी आचार्य झाली, विनयाचे म्हणजे आचाराचे नियम जाणणाऱ्या भिक्षुणींत पहिली मानली गेली. नाव मात्र तेच राहिलं. तिनंही ते बदललं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वीची, श्रावस्तीची. उत्तर प्रदेशात राप्ती नदीकाठी सहेत-महेत म्हणून जागा आहे, तेच ते शहर. तिथल्या एका धनवान श्रेष्ठीची ही मुलगी. टीकाकारांनी हजारएक वर्षांनी लिहून ठेवलेल्या कथेत ती सात मजली वाड्याच्या वरच्या मजल्यावर नजरेखाली वाढलेली आहे. आणि तिचं मन जडलं ते घरातल्याच गड्यावर. बरोबरीच्या घरात लग्न ठरलं तशी मोलकरणीचा वेश करून ती निघाली आणि त्याच्याबरोबर दूरच्या खेड्यात जाऊन राहिली. तो रानात राबायचा, लाकूडफाटा आणायचा. जिनं कधी घागर उचलली नव्हती ती पाणी भरू लागली, साळी कांडू लागली. तक्रार केल्याचं कथेत कुठे नाही.

दिवस गेले तेव्हा मात्र तिला आईची आठवण झाली. बाळंतपण माहेरी व्हावं ही ओढ तेव्हाही होतीच. नवऱ्याला सासऱ्याची भीती. आज जाऊ, उद्या जाऊ करत त्यानं दिवस ढकलले. ती एकटीच निघाली, तो मागून आला, वाटेतच मुलगा झाला. आता माहेरी जाऊन करायचं काय, म्हणून दोघं परतली.

दुसऱ्या खेपेलाही तसंच. या वेळी वाटेत वादळ उठलं. आडोसा करायला फांद्या तोडायला म्हणून नवरा गेला आणि वारुळातून निघालेला साप त्याला चावला. इकडे ती त्याची वाट बघत पावसात बाळंत झाली. रात्रभर दोन्ही लेकरांना पोटाखाली घेऊन, हातापायांवर ओणवी राहून तिनं त्यांना झाकलं. सकाळी नवरा वारुळापाशी पडलेला दिसला.

रडत ती श्रावस्तीकडे निघाली. अचिरवती नदीला पूर होता. दोघांना एकदम नेण्याइतकं बळ अंगात कुठलं? थोरल्याला अलीकडे बसवून तान्ह्याला पैलतीरी ठेवून आली. नदीच्या मध्यावर असताना एक ससाणा त्या तान्ह्या जिवावर झेपावला. ती हात वर करून ओरडली. थोरल्याला वाटलं, आई बोलावतेय. तो पाण्यात उतरला.

पुढच्या वाटेवर शहराकडून येणारा एक माणूस भेटला. त्याला तिनं माहेरची खुशाली विचारली. रात्रीच्या वादळात घर कोसळलं होतं. आई, बाप, भाऊ तिघांची चिता एकच, आणि तिचा धूर तिथूनच दिसत होता.

यानंतर तिला शुद्ध राहिली नाही. ती फिरत राहिली, लोक तिला ढेकळं मारत राहिले. अशीच ती जेतवनात पोचली. बुद्ध बोलत होते. लोकांनी तिला अडवलं, त्यांनी येऊ द्यायला सांगितलं. आणि तिला म्हणाले ते एवढंच, की बहिणी, स्मृती परत मिळव. पालीतला शब्द 'सती'. आपल्या मराठीत याला किती नेमका शब्द आहे बघा, भानावर ये! तिला आपण उघड्या आहोत हे कळलं, ती अंग चोरून खाली बसली. कुणीतरी आपलं पांघरूण तिच्याकडे टाकलं. मग तिनं सगळं सांगितलं, आणि मगच तिला उपदेश झाला.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी भान, मग वस्त्र, मग तिचं ऐकणं आणि शेवटी ज्ञान. आपण दुःखाच्या घरी गेल्यावर नेमकं उलटं करतो. चहाचा कप खाली ठेवायच्या आत देवाची मर्जी, नशीब, मुलांकडे बघ, सगळं सांगून मोकळे होतो.

आणखी एक. एका वाक्यानं ती बरी झाली अशी ही गोष्ट बरेचदा सांगितली जाते. मला ते पटत नाही. 'थेरीगाथा' या भिक्षुणींच्या काव्यसंग्रहात तिची स्वतःची कविता आहे. तीत नवरा नाही, मुलं नाहीत, ससाणा नाही. तीत आहे ती कुरकुर, की माणसं शेत नांगरतात, पेरतात, पिकवून बायकामुलं पोसतात. मी सगळे नियम पाळते, आळस करत नाही, तरी मला शांती का मिळत नाही? म्हणजे संघात गेल्यावरही तिला वेळ लागला होता. मग एक दिवस पाय धुताना वरून खाली वाहणाऱ्या पाण्याकडे ती बघत राहिली. मन त्या पाण्यावर स्थिर झालं. रात्री खोलीत दिवा नेला, सुईनं वात खाली ओढली, दिवा विझला, आणि तिच्या मनाची तगमगही विझली. ज्या पाण्यानं लेकरू नेलं, त्याच पाण्याकडे ती शांतपणे बघू शकली, हे माझं आपलं म्हणणं. तिनं तसं म्हटलेलं नाही.

अशा आघातानंतर मन तिथेच अडकतं, त्याला पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर हे नाव अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली यादीत घातलं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे ते गाजलं, पण बलात्कार सोसलेल्या बायकांच्या मनाचा अभ्यास तिथे १९७४ सालीच प्रसिद्ध झाला होता. प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे घडतो, झोप लागत नाही, साध्या आवाजानं छाती धडधडते. आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा मुलगा अपघातात गेला. ट्रकचा हॉर्न वाजला की त्यांच्या हातातलं भांडं सुटायचं. घरातले म्हणायचे, नाटकं आहेत. समुपदेशक बाईंनी त्यांना शिकवलं ते असं, की डोळे उघडे ठेवायचे, तळपाय फरशीला टेकवायचे, फरशीचा गारवा जाणवू द्यायचा, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायची. मी ते ऐकलं आणि मला पटाचारेचे पाय आठवले.

दुसरा प्रकार चित्र डोळ्यांपुढे आणण्याचा, गाइडेड इमेजरी म्हणतात ती. समुपदेशक हळूहळू बोलत जाते आणि बाई मनातल्या एखाद्या सुरक्षित जागेत जाते. ओसरी, तुळशीचा कट्टा, शेताचा बांध, तिथला वास, तिथला आवाज. जागा बाईनं स्वतः निवडायची. माहेर प्रत्येकीला सुरक्षित असतंच असं नाही, हे कुणी विसरू नये. आणि डोळे मिटून गप्प बसणं सगळ्यांनाच मानवत नाही. काहींना नेमकं तेव्हाच सगळं आठवून घाबरं होतं. तसं झालं तर थांबायचं. इगतपुरीसारख्या ठिकाणी दहा दिवसांच्या मौनाला बसायचं मनात असेल, तर असा आघात झालेल्या बाईनं आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. फोनवरून बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, २०२२ पासून.

पटाचारेकडे पुढे बायका येत राहिल्या. तीस भिक्षुणींनी तिला गुरू म्हटलं आहे. मूल गेलेल्या आया तर शेकड्यांनी आल्या असं पोथी सांगते. त्यांना तिनं विचारलं, की मूल कुठून आलं ते तुम्हाला ठाऊक नव्हतं, कुठे गेलं तेही ठाऊक नाही, मग रडता कुणासाठी? दुसऱ्या कुणी असं विचारलं असतं तर मला ते कोरडं वाटलं असतं. तिनं विचारलं म्हणून त्या बायकांनी ऐकलं असेल.

त्यात चंदा नावाची एक होती. विधवा, मूल नाही, नातेवाईक नाहीत, सात वर्षं दारोदार भीक मागून जगलेली. एकदा तिनं एका भिक्षुणीला अन्न-पाणी मिळताना पाहिलं आणि जाऊन तिच्याकडे आसरा मागितला. ती भिक्षुणी पटाचारा होती. तिनं चंदाला ठेवून घेतलं.