व्यसन म्हणजे मनाचा कमकुवतपणा का? डॉ. हॉल्स्टेड यांची गोष्ट

मनावर घेतलं तर कुणीही व्यसन सोडू शकतो, असं तुम्हालाही वाटतं का? मग डॉ. विल्यम हॉल्स्टेड यांचं आयुष्य जाणून घ्या.

१८५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले हॉल्स्टेड नावाजलेले सर्जन होते. कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो, हे १८८४ मध्ये जगाला कळलं. हॉल्स्टेड आणि त्यांचे सहकारी स्वतःच्याच अंगात कोकेन टोचून नसा बधिर करून पाहू लागले. आज दात काढताना तुम्हाला मिळणारं भुलीचं इंजेक्शन याच कामातून पुढे आलं. पण कोकेनचा धोका तेव्हा नीट माहीत नव्हता. हॉल्स्टेड त्यात अडकले.

मेंदूत नेमकं काय होतं?

आवडती गोष्ट मिळाली की मेंदूत डोपामिन स्रवतं आणि काम झाल्यावर पेशी ते परत ओढून घेतात. कोकेन ही परतीची वाट अडवतं. डोपामिन साचून राहतं. हे वारंवार झालं की मेंदू त्याला दाद देईनासा होतो. साध्या गोष्टींतला आनंद जातो, आणि संयम सांभाळणाऱ्या, कपाळामागच्या भागाची पकड सैल होते.

१८८६ मध्ये हॉल्स्टेड ऱ्होड आयलंडमधल्या रुग्णालयात दाखल झाले. पण कोकेनच्या जागी मॉर्फिन आलं. पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ते मुख्य सर्जन झाले. शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे त्यांनी आणले, सर्जन घडवण्याची शिस्तबद्ध पद्धत घालून दिली. मॉर्फिन मात्र वर्षानुवर्षं गुपचूप चालूच राहिलं. १९२२ मध्ये ते वारले. त्यांचे सहकारी डॉ. विल्यम ऑस्लर यांनी लिहून ठेवलेली ही हकिगत १९६९ मध्ये उघड झाली.

तुम्ही काय कराल?

अशा शिस्तीच्या माणसालाही नुसत्या निर्धारावर सुटता आलं नाही. त्यांच्याकडे लपवण्याखेरीज फारसा मार्ग नव्हता, तुमच्याकडे आहे. आज समुपदेशन आहे. दारू, तंबाखू आणि अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर औषधंही आहेत. घरातल्या माणसाला टोमणे मारू नका, डॉक्टरांकडे न्या. रोजची दारू मात्र एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. सुटलेलं व्यसन पुन्हा लागलं, तर मधुमेहात साखर वाढल्यावर जातो तसंच पुन्हा उपचाराला जा.