ह्यू डीहेवन : सांडलेली माणसे मोजणारा माणूस

(द्वितीय वर्ष कला)

वार्षिकांकासाठी चरित्रलेख मागवले की आमच्या वर्गातील निम्मी मुले समर्थांवर लिहितात आणि उरलेली तानाजी मालुसऱ्यांवर. ते साहजिकच आहे. मी शिवथरची. दासबोधाची घळ आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, तानाजींचे उमरठ शेजारच्या पोलादपूर तालुक्यात आणि १९२७ साली ज्या चवदार तळ्याने देश हलवला ते महाडातच. थोरांची आम्हांला वाण नाही. तरीही मी ज्यांच्यावर लिहिणार आहे ते ह्यू डीहेवन नावाचे अमेरिकन गृहस्थ आहेत. मोटारींच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्यांत त्यांचे नाव जगभर आदराने घेतले जाते. आपल्याकडे ते कुणाच्या कानावर आलेले दिसत नाही, आणि मला वाटते ते आमच्या खोऱ्याला फार जवळचे आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील शेती सांभाळून जीप चालवतात आणि थोरला दादा बिरवाडीच्या एका गॅरेजात पत्र्याचे काम करतो. त्यामुळे दार, बिजागरी, खटका हे शब्द मी पुस्तकांच्या आधी घरात ऐकले. आमच्या जीपचे मागचे दार गेली दोन वर्षे सुतळीने बांधलेले असते, आणि त्याचे कुणाला काही वाटत नाही. उलट आजोबांचे ठाम मत असे की अपघात झालाच तर दार उघडलेले बरे. माणूस बाहेर फेकला जातो आणि वाचतो. या मताला आमच्या भागात फार मोठा आधार आहे. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. महाबळेश्वरला सहलीला निघालेली माणसे होती ती. त्यांतला एकच जण जिवंत वर आला, आणि तो बसच्या बाहेर पडलेला होता. तेव्हापासून पोलादपूर-महाडच्या कोणत्याही एसटी थांब्यावर हा विषय निघाला की वाद मिटतो. ज्यांच्याशी या बाबतीत आजोबांनी खरोखर वाद घालायला हवा, ते म्हणजे हे डीहेवन. कारण बाहेर फेकल्या गेलेल्या माणसांचे पुढे काय होते हे शोधून काढण्याचे काम प्रथम त्यांनी उभे केले.

डीहेवन यांचा जन्म १८९५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका सुखवस्तू घरात झाला. कॉर्नेल आणि कोलंबिया या दोन्ही विद्यापीठांत त्यांनी थोडा थोडा काळ शिक्षण घेतले. पहिले महायुद्ध चालू होते. स्वतःच्या देशाच्या विमानदलाने त्यांना घेतले नाही, म्हणून ते कॅनडात जाऊन ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये उमेदवार वैमानिक झाले. तेथे सराव चालू असताना त्यांच्या विमानाची दुसऱ्या विमानाशी हवेतच टक्कर झाली आणि ते विमानासह खाली कोसळले. यकृत, स्वादुपिंड, पित्ताशय सारे फाटले. महिनोन्‌महिने इस्पितळात काढावे लागले.

ते वाचले, आणि भेटायला येणारा प्रत्येकजण याला नशीब म्हणू लागला. आपल्याकडेही असेच म्हटले असते. नवस फेडला असता, देवीला ओटी भरली असती. पण बावीस-तेवीस वर्षांच्या त्या मुलाला हे उत्तर पटले नाही. पडून पडून त्याने विचार केला आणि दोन गोष्टी त्याच्या ध्यानात आल्या. विमानाचा चुराडा झाला तरी आपण बसलो होतो तेवढी जागा बरीचशी शाबूत राहिली, ही एक. दुसरी अशी की पोटाच्या आतल्या जखमा झाल्या त्या नेमक्या पट्ट्याच्या टोकदार बकलाच्या जागी. म्हणजे वाचण्याला कारण होते आणि जखमेलाही कारण होते. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठ्या मुलाने खाटेवर पडून केलेला हा विचार मला त्यांच्या साऱ्या आयुष्यातील सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

पुढची वीस वर्षे मात्र अगदी निराळी गेली, आणि त्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ते यंत्रे शोधून काढू लागले. वर्तमानपत्रांचे गठ्ठे आपोआप बांधणाऱ्या यंत्राने त्यांना चांगला पैसा मिळवून दिला आणि चाळिशीच्या आतच ते कामधंद्यातून मोकळे झाले. नंतर १९३० नंतरच्या दशकात त्यांनी एका मोटार अपघातातला जखमी चालक पाहिला. त्याच्या डोक्याला खोल जखम झाली होती, आणि ती करणारी वस्तू गाडीच्या दर्शनी फळीवरची एक साधी मूठ होती. वीस वर्षांपूर्वीचे बकल त्यांना आठवले असणार.

मग त्यांनी जे केले ते वाचून मला प्रथम हसू आले. ते स्वयंपाकघरात अंडी टाकू लागले. खाली रबरी फोमची जाड गादी ठेवायची आणि वरून अंडे सोडायचे. फुटले नाही की उंची वाढवायची. पुढे उंच इमारतीवरूनही अंडी सोडून पाहिली, आणि ती फुटली नाहीत. यात नवल वाटण्यासारखे आमच्याकडे काही नाही म्हणा. अंडीवाला भुशात अंडी घालून खड्ड्याखड्ड्यांच्या वाटेने बाजार गाठतोच. पण भुसा का वाचवतो याचे गणित त्याने मांडलेले नसते. डीहेवन यांनी ते मांडले. पडणारी वस्तू एकदम न थांबता काही इंचांत थांबली, आणि तिचा भार एका टोकावर न येता पसरला, तर ती टिकते.

अंड्यांनंतर माणसे. उंचावरून पडूनही वाचलेल्या लोकांची माहिती त्यांनी जमवायला सुरुवात केली. पन्नास ते दीडशे फुटांवरून पडून जगलेल्या अशा माणसांवरचा त्यांचा निबंध १९४२ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोणी नुकत्याच खणलेल्या बागेतल्या मातीत पडले होते. एक बाई सुमारे १४४ फुटांवरून पत्र्याच्या हवाबंब पेटीवर पडली होती. पेटीला फूटभर खोल पोचा आला आणि बाई उठून बसली, हात मात्र मोडले. आमच्याकडे चिखलणी झालेल्या खाचरात झाडावरून पडलेला माणूस कसा नुसता चिखलाने भरून उठतो हे ज्याने पाहिले आहे त्याला हे खोटे वाटणार नाही. माणसाचे शरीर समजतो तेवढे नाजूक नाही, ज्यावर ते आदळते त्या वस्तूने थोडे दबले पाहिजे, असा त्या निबंधाचा मथितार्थ.

त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात अपघातांतील जखमांच्या संशोधनाचा विभाग सुरू झाला आणि डीहेवन त्याचे प्रमुख झाले. वैद्यकाची पदवी नाही, अभियांत्रिकीची नाही, कॉलेजही पुरे केलेले नाही! आरंभी काम छोट्या विमानांवर चालले. अपघात का झाला हे शोधणारे पुष्कळ होते. अपघात झाल्यावर आतला माणूस कशाने मेला, हा डीहेवन यांचा प्रश्न. हा प्रश्न आपण अजूनही क्वचितच विचारतो. कुणाची चूक, कोण प्यायला होता, कुणाला झोप लागली, एवढ्यावर आपली चौकशी संपते.

१९५० च्या सुमारास ते मोटारींकडे वळले. इंडियाना राज्यातील पोलीसदलातले एल्मर पॉल नावाचे एक सार्जंट रस्त्यावरच्या मृत्यूंची बारकाईने टिपणे ठेवू लागले होते. त्यांतून सारखे एकच दिसत होते. धडकेत गाडीचे दार उघडते, माणूस बाहेर फेकला जातो आणि रस्त्यावर, खांबावर किंवा स्वतःच्याच गाडीखाली मरतो. गाडीतली त्याची बसण्याची जागा पुष्कळदा धड असते. १९५३ पासून कॉर्नेलने मोटार अपघातांसाठी वेगळा विभाग चालवला आणि अनेक राज्यांतले पोलीस व डॉक्टर ठरावीक नमुन्यात माहिती पाठवू लागले. बाहेर फेकल्या गेलेल्या माणसाला मृत्यूचा धोका आत राहिलेल्याच्या सुमारे पाच पट असतो, असे या कामातून १९५८ पर्यंत आकड्यांनिशी सिद्ध झाले.

पाच पट! आजोबांना मी हे सांगितले तेव्हा ते आंबेनळीवरच अडून बसले. त्यांचे म्हणणे मी अगदीच सोडून देत नाही. शेकडो फूट दरीत गडगडत जाणाऱ्या बसमध्ये धड राहील अशी जागाच उरत नाही. तेथे बाहेर पडलेला एक वाचला हे खरेच आहे. पण मुंबई-गोवा रस्त्यावर, बिरवाडी फाट्यावर, सपाटीला दोन गाड्या धडकतात त्या दरीत पडत नाहीत. एका वाचलेल्या माणसाची गोष्ट सारा तालुका सांगतो. फेकला जाऊन मेलेल्यांच्या गोष्टी त्यांच्या घरापुरत्या राहतात, म्हणून त्या मोजाव्या लागतात.

आणि फेकले जाण्याचे एक उदाहरण तर महाडच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवे. १९२९ साली चाळीसगावला बाबासाहेब आंबेडकरांना न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, पण हाकायला बसला तो टांगा हाकण्याची सवय नसलेला आपल्यातलाच माणूस. पुलाजवळ चाक दगडांत अडकले, टांगा उलटला आणि बाबासाहेब फरशीवर फेकले गेले. पाय मोडला. टांग्याला दार नव्हतेच, आणि अपघाताचे खरे कारण तर टांगेवाल्यांच्या नकारात होते. दगडी फरशी मात्र कुणाची जात पाहून आदळत नाही.

१९५२ साली मोटार अभियंत्यांपुढे वाचलेल्या निबंधात डीहेवन यांनी मालाच्या पेटीचे उदाहरण घेतले. आपल्याला ते हापूसच्या पेटीवरून चटकन कळेल. पेटी वाटेत उघडून माल सांडता कामा नये. तिच्या फळ्या ठिसूळ नसाव्यात. आतले फळ पेंढ्यात घट्ट बसलेले हवे. आणि जो दाब येईल तो फळाच्या मजबूत भागावर यावा. यातली पहिली अट दाराची आहे. झाकण उडाले की पेंढा कितीही घातलेला असो, तो वाया गेला.

त्या काळच्या दारांचे झाकण उडतच असे. दादाने मला जुन्या गाडीचे एक कुलूप दाखवले म्हणून मी हे लिहू शकते. दाराच्या कडेला दातेरी चाक आणि खांबावर त्यात बसणारी पट्टी. दार बाहेर ओढा, हलणार नाही. पण धडकेने गाडीचा सांगाडा लांबीच्या दिशेने ताणला की दार आणि खांब यांत फट पडते, दाते पट्टीवरून सरकतात आणि दार सुटते. कॉर्नेलच्या आकड्यांनंतर १९५६ च्या मॉडेलपासून अमेरिकन कंपन्यांनी दोन्ही भाग एकमेकांत गुंतून राहतील अशी कुलपे बसवली. दारे उघडण्याचे प्रमाण घटले, थांबले मात्र नाही. १९६८ पासून तेथे दाराच्या कुलपांचा कायदेशीर नियम लागू झाला.

हल्लीच्या गाडीत खांबावर इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली सळई असते आणि दारातला चिमटा तिला पकडतो. चिमट्याला दोन टप्पे असतात. अमेरिकन नियमानुसार पुरते बसलेले कुलूप लांबीच्या दिशेने ११,००० न्यूटन, म्हणजे सुमारे अकराशे किलोंची ओढ सोसले पाहिजे. अर्धवट लागलेल्या दाराकडून जेमतेम साडेचारशे किलोंची अपेक्षा असते. दार एकदाच खट् वाजले आणि आत दिवा जळत राहिला, तर अर्ध्याहून अधिक ताकद तेथेच गेली. सुतळीचा हिशेब दादाने केला नाही, मीही करत नाही.

बाजूने बसणारी धडक सर्वांत वाईट. समोर इंजिन असते, मागे डिकी असते. कुशीला हातभर जागाही नाही. ज्या दारावर धडक बसते ते दुमडते आणि आतल्या खटक्याची सळई ओढली जाऊ शकते. शिवाय दार झटक्यात आत जाते तेव्हा बाहेरची मूठ जडत्वाने जागच्या जागी राहू पाहते, म्हणजे जणू कुणी बाहेरून दारच उघडते आहे! म्हणून मुठीला जाड स्प्रिंग किंवा उलट वजन लावतात. मग गाडी आडवी घसरते, गिरकी घेते आणि माणसे पलीकडच्या दारावर जाऊन पडतात. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला अशीच बाजूने धडक बसली. ते मागच्या आसनावर होते. आपल्या देशात बाजूच्या धडकेची चाचणी मोटारींच्या नव्या मॉडेलांना १ ऑक्टोबर २०१७ पासून सक्तीची झाली. आमची जीप त्याच्या कितीतरी आधीची आहे.

डीहेवन यांचे नाव आणखी एका वस्तूवर आहे. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणाऱ्या पट्ट्याच्या एका आरंभीच्या रचनेचे पेटंट १९५५ साली रॉजर ग्रिस्वोल्ड आणि त्यांना मिळून मिळाले. आजच्या गाड्यांतला पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी १९५९ साली आणला आणि त्याचे श्रेय योग्यच त्यांना जाते. तरी पोटावर टोकदार बकल रुतलेल्या उमेदवार वैमानिकाने जवळजवळ चाळीस वर्षांनी पट्ट्याचा प्रश्न पुन्हा हाती घेतला, हे मला विसरता येत नाही.

पुढे कॉर्नेलचे काम सहकाऱ्यांवर सोपवून ते निवृत्त झाले. १९६६ साली अमेरिकेत मोटार सुरक्षिततेचा मोठा कायदा झाला, त्यानंतर कुलपांचा नियम आला, आणि हे सारे त्यांनी हयातीत पाहिले. १९८० साली, पंच्याऐंशीच्या घरात असताना, कनेक्टिकट राज्यात त्यांचे निधन झाले. विमानातून पडल्यानंतर ते साठ वर्षांहून अधिक जगले होते.