रेव्हरंड टिळकांचे आज्ञापालन

सातारा जिल्ह्यातील उंब्रज हे कृष्णाकाठचे गाव समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एका मारुतीमुळे सर्वपरिचित आहे. स्वामीच्या आज्ञेपुढे स्वतःची इच्छा बाजूस ठेवावी, ही दास्यभक्तीची शिकवण या परिसराला नवी नाही. याच जिल्ह्यात, साताऱ्यास, १९१७ साली एका ख्रिस्ती कवीने तोच दास्यभाव आपल्या परीने आचरून पाहिला, याचे स्मरण मात्र फारसे उरलेले नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे ते कवी. फुलामुलांचे कवी म्हणून ते शालेय पुस्तकांतून भेटतात. पण ईश्वराची आज्ञा पाळणे आणि अंतरीच्या पापावर विजय मिळविणे, या ख्रिस्ती जीवनाच्या कसोट्यांवर त्यांचे चरित्र पाहिले, तर ते अधिक विचार करावयास लावते.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली एका ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानपणीच आईचे छत्र हरपले. नाशिकला त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. १८८० साली लक्ष्मीबाईंशी विवाह झाला, तरी वृत्ती स्थिरावली नाही. एक नोकरी सोडावी, दुसरी धरावी, घरात न सांगता दूरदेशी निघून जावे, असा त्यांचा क्रम होता. धर्म आणि देश यांच्या चिंतनाने ते अस्वस्थ असत.

१८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचावयास दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. दीर्घ मंथनानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जात, आप्त आणि प्रतिष्ठा यांना मुकावे लागणार, हे त्यांना ठाऊक होते. देवाची आज्ञा म्हणून त्यांनी ते सारे स्वीकारले.

परंतु या आज्ञापालनाची खरी किंमत कोणी मोजली? पत्नीला विश्वासात न घेता टाकलेल्या या पावलाने लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात उन्मळून पडला. पती जिवंत असताना त्यांना काही वर्षे नातलगांच्या आश्रयाने काढावी लागली. ईश्वराच्या हाकेला ओ देताना घरच्या माणसाची हाक ऐकू येऊ नये, यास आज्ञापालन म्हणावे की केवळ हट्ट, हा प्रश्न टिळकांच्या भक्तांनाही टाळता येणार नाही.

त्याचे उत्तर त्यांच्या नंतरच्या वागणुकीत शोधावे लागते. लक्ष्मीबाई पुन्हा सहवासास आल्या त्या स्वतःचा धर्म आणि सोवळे घेऊनच. टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. उतावळ्या स्वभावाचा हा मनुष्य येथे मात्र थांबावयास शिकला. जातिभेद ईश्वराने केला की माणसाने, याचा विचार लक्ष्मीबाईंनी स्वतःच केला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्याने मनुष्य एकाएकी निर्दोष होतो, असे ख्रिस्ती धर्म मानीत नाही. इष्ट ते कळूनही हातून अनिष्ट घडते, हा झगडा प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात मांडला आहे. टिळकांचा झगडा होता तो आपल्या शीघ्रकोपाशी आणि लहरीपणाशी. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त त्यांचा संताप आहे, त्यापाठोपाठचा पश्चात्ताप आहे आणि घरात काही शिल्लक न ठेवता गरजवंताला देऊन टाकणारा उदार हातही आहे. पतीचे दोष त्यांनी लपविले नाहीत, म्हणूनच त्यांनी केलेला गौरव विश्वसनीय वाटतो.

१९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. हे स्थैर्य लाभल्यावरही १९१७ मध्ये मिशनच्या चाकरीतून मुक्त होऊन त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सारे ख्रिस्तभक्त तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, ही त्यांची धारणा होती. संतवाणीने, विशेषतः तुकोबांनी, आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोहोचविले, असे ते मानीत. त्यामुळे भजन-कीर्तन त्यांना परके वाटले नाही. हा दरबार फार काळ चालावयाचा नव्हता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. एके काळी पतीच्या धर्मांतराने ज्यांचे आयुष्य उद्ध्वस्त झाले होते, त्याच लक्ष्मीबाईंनी पुढचे अध्याय रचून ते पूर्णत्वास नेले. १९३६ साली त्यांचे निधन झाले आणि १९३८ साली ते महाकाव्य प्रसिद्ध झाले. देवाची आज्ञा पाळतो, असे म्हणणाऱ्याची परीक्षा मंदिरात वा चर्चमध्ये होण्याआधी त्याच्या घरात होते. त्या परीक्षेत टिळक प्रथम चुकले, पण पुढे आयुष्यभर ती चूक सुधारीत राहिले. पापावरील विजय असाच, सावकाश आणि रोजच्या वागणुकीतून मिळतो, याची साक्ष लक्ष्मीबाईंच्या लेखणीने दिली आहे.