घरधनी परगावी असता : सुसान्ना वेस्ली



आपल्यापैकी कित्येकांच्या घरचा कर्ता पुरुष वर्षातील अनेक महिने घरी नसतो. कोणी जहाजावर असतो, कोणी आखाती देशात, कोणी सैन्यात, तर कोणी रेल्वेच्या बदलीच्या गावी. पाळकांच्या व सुवार्तिकांच्या घरांना तर हा अनुभव पिढ्यानपिढ्यांचा आहे. मागे राहिलेली आई मुलांचा अभ्यास, घरातली दुखणीखुपणी, वाण्याची उधारी, वडीलधाऱ्यांचे औषधपाणी आणि सायंकाळची कौटुंबिक प्रार्थना हे सारे एकटीच सांभाळते. पुष्कळदा तिला वाटते की, आपण केवळ दिवस लोटीत आहोत. घरधनी परत आला म्हणजे खरा संसार सुरू होईल. अशा प्रत्येक भगिनीने, आणि घरापासून दूर असलेल्या प्रत्येक बंधूनेही, सुसान्ना वेस्ली यांचे चरित्र जाणून घ्यावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

जॉन व चार्ल्स वेस्ली ही नावे तुम्हांला ठाऊक आहेत. मेथॉडिस्ट चळवळीचे ते जनक. चार्ल्स यांनी सहा हजारांहून अधिक ख्रिस्ती गीते रचली. १८५६ साली विल्यम बटलर भारतात आले आणि येथे मेथॉडिस्ट एपिस्कोपल मंडळीचे कार्य सुरू झाले, त्याचेही मूळ याच घरात आहे. सुसान्नाबाई या दोघा भावांच्या मातोश्री.

त्यांचा जन्म २० जानेवारी १६६९ रोजी लंडन येथे झाला. वडील डॉ. सॅम्युएल ॲनस्ली हे विद्वान पाळक. १६६२ साली इंग्लंडमध्ये उपासनेविषयी जो कायदा झाला, तो त्यांच्या विवेकबुद्धीला पटला नाही आणि त्यांना आपल्या मंडळीस मुकावे लागले. त्यांच्या पंचवीस अपत्यांत सुसान्ना शेंडेफळ. घरात धर्मविषयक चर्चा सतत चाले व ही मुलगी ती लक्षपूर्वक ऐके. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास, पुरता विचार करून, वडिलांना जी मंडळी सोडावी लागली होती त्याच चर्च ऑफ इंग्लंडमध्ये जाण्याचा तिने निर्णय घेतला. स्वतः विचार करणे आणि पटल्यावर मागे न हटणे, हा त्यांचा स्वभाव पुढे आयुष्यभर टिकला.

१६८८ साली त्यांचा विवाह सॅम्युएल वेस्ली यांच्याशी झाला. त्यांना एकोणीस अपत्ये झाली. त्यांपैकी नऊ तान्हेपणीच दगावली. तीन मुलगे व सात मुली मोठ्या झाल्या. १६९७ च्या सुमारास हे कुटुंब लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ या गावी आले. सभोवार दलदलीचा सखल मुलूख आणि बहुतेक वस्ती शेतकऱ्यांची. रेव्हरंड सॅम्युएल विद्वान होते, कवी होते. परंतु पैशाचा व्यवहार त्यांना कधी साधला नाही. कर्ज त्यांच्या पाचवीलाच पुजले होते. राजकारणातील त्यांच्या मतांमुळे गावातील अनेकांशी त्यांचे वैरही होते.

घरधनी घरात नाही, असा प्रसंग सुसान्नाबाईंवर एकदा नव्हे, वारंवार आला. त्याचे कारण दर वेळी निराळे होते.

पहिला प्रसंग पतीपत्नींच्या मतभेदाचा. तिसरा विल्यम त्या वेळी इंग्लंडचा राजा होता. कौटुंबिक उपासनेत रेव्हरंड सॅम्युएल यांनी राजासाठी प्रार्थना केली, तेव्हा पत्नीने तीस आमेन म्हटले नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. पदच्युत झालेला दुसरा जेम्स हाच खरा राजा, असे सुसान्नाबाईंचे मत होते, आणि न पटलेल्या प्रार्थनेस आमेन म्हणणे त्यांना खोटेपणाचे वाटे. पती रागावून लंडनला निघून गेले. मुले, देणी आणि घर त्यांच्यावर पडले. मार्च १७०२ मध्ये राजा विल्यम निवर्तला, तरी तंटा लगेच मिटला नाही. त्याच उन्हाळ्यात पाळकगृहास आग लागून त्याचा बराच भाग जळाला, आणि त्या आपत्तीने दोघांना पुन्हा एकत्र आणले. जून १७०३ मध्ये जन्मलेला जॉन हे या समेटानंतरचे अपत्य. वाचकहो, भक्तांच्या चरित्रांतून असे प्रसंग गाळण्याची आपली रीत आहे. परंतु हे घरही आपल्या घरांसारखेच होते, हे त्यावरून कळते.

दुसरा प्रसंग १७०५ चा. निवडणुकीच्या धामधुमीत गाव रेव्हरंड सॅम्युएल यांच्यावर उलटले. तीस पौंडांहूनही कमी अशा एका कर्जासाठी त्यांना पकडून लिंकनच्या किल्ल्यातील तुरुंगात टाकण्यात आले. मागे घरी काय घडले? वैऱ्यांनी रात्री त्यांच्या गायींना भोसकले. त्या गायींच्या दुधावरच मुलांचा मोठा आधार होता. त्याच वर्षी एक तान्हे बाळही गेले होते. अशा स्थितीत सुसान्नाबाईंनी आपल्या हातातील अंगठ्या काढून तुरुंगात पतीकडे पाठविल्या. देण्यासारखे त्यांच्यापाशी दुसरे काही नव्हते. पतीने त्या परत धाडल्या. यॉर्कचे आर्चबिशप शार्प यांनी या कुटुंबास मोठे साहाय्य केले. घरात कधी भाकरीची वाण पडली काय, असे त्यांनी विचारले असता सुसान्नाबाईंनी सरळ उत्तर दिले : भाकरी अगदी नाही असे कधी झाले नाही, परंतु ती मिळविण्यासाठी आधी आणि तिचे पैसे फेडण्यासाठी नंतर एवढी काळजी करावी लागे की, खाताना तिची गोडीच उरत नसे. उसनवारीवर महिना काढणाऱ्या गृहिणीस या उत्तराचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्री पाळकगृहाला पुन्हा आग लागली आणि ते पूर्ण भस्मसात झाले. साडेपाच वर्षांचा जॉन वरच्या खोलीत अडकला होता. शेजाऱ्यांनी एकमेकांच्या खांद्यांवर चढून त्याला खिडकीतून बाहेर काढले. मुले काही काळ निरनिराळ्या घरी विखुरली. ती परत आली तेव्हा त्यांच्या बोलण्याचालण्यात शिथिलता आल्याचे आईला दिसले, आणि घराची घडी नव्याने बसविण्याचे तिने ठरविले.

ती घडी कशी होती, हे सुसान्नाबाईंनी १७३२ साली जॉनला लिहिलेल्या पत्रावरून कळते. सकाळी नऊ ते बारा व दुपारी दोन ते पाच अशी घरातच शाळा भरे. मूल पाच वर्षांचे झाले की त्याला अक्षरे शिकवीत, आणि बहुतेक मुले ती एका दिवसात शिकली. पहिला धडा उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचा. मुलगी नीट वाचू लागेपर्यंत तिला शिवणकामास बसवायचे नाही, असा त्यांचा नियम होता. तीनशे वर्षांपूर्वी मुलींच्या शिक्षणाविषयी असा विचार करणारी आई विरळाच! शाळेचा आरंभ व शेवट स्तोत्र गाऊन होई. सायंकाळी पाच वाजता मोठे भावंड लहान भावंडाला घेऊन बसे व त्याच्यासोबत स्तोत्र आणि नव्या करारातील अध्याय वाची. घराचा भार मुलांनी आपसांत वाटून घेण्याची ही रीत होती. एकटी आई दहा ठिकाणी पुरी पडत नाही, हे त्या जाणून होत्या.

आता तिसऱ्या आणि सर्वांत महत्त्वाच्या प्रसंगाकडे वळू. १७११-१२ च्या हिवाळ्यात रेव्हरंड सॅम्युएल पाळकवर्गाच्या परिषदेसाठी लंडनला मुक्काम करून होते. एपवर्थच्या मंडळीचे काम एका सहायक पाळकाकडे सोपविले होते. रविवारी सायंकाळी सुसान्नाबाई मुलांना व नोकरांना स्वयंपाकघरात जमवून प्रार्थना व एक छापील उपदेश वाचून दाखवीत. एका गडीमुलाने ही गोष्ट आपल्या आईबापांना सांगितली. त्यांनी येण्याची परवानगी मागितली. मग त्यांचे शेजारी आले. तीस-चाळीस माणसे जमू लागली.

याच सुमारास एमिलिया या थोरल्या मुलीला वडिलांच्या खोलीत एक वृत्तांत सापडला, तो तिने आईस वाचून दाखविला. आपल्या देशाशी त्याचा संबंध आहे. जुलै १७०६ मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे उतरलेल्या त्सिगेनबाल्ग व प्लुट्शाऊ या मिशनऱ्यांच्या कार्याची ती हकिगत होती. सुसान्नाबाई अंतर्यामी हलल्या. आपण पुरुष नाही, पाळकही नाही. तरी आज करतो त्याहून अधिक काही आपल्या हातून व्हावे, असे त्यांना वाटले. त्यांनी आरंभ आपल्या मुलांपासून केला. दररोज रात्री एका मुलाशी एकांतात बोलायचे, असा क्रम लावला : सोमवारी मॉली, मंगळवारी हेटी, बुधवारी नॅन्सी, गुरुवारी जॉन, शुक्रवारी पॅटी, शनिवारी चार्ल्स, आणि रविवारी एमिलिया व सुकी. चार्ल्स तेव्हा अवघा चार वर्षांचा होता. पुढे ऑक्सफर्डमध्ये अध्यापक झाल्यावरही जॉन यांना त्या गुरुवारच्या सायंकाळची आठवण राहिली. तेवढा वेळ आपल्यासाठी पुन्हा राखून ठेवावा, अशी त्यांनी आईस पत्राने विनंती केली.

शेजाऱ्यांशीही त्या अधिक कळकळीने बोलू लागल्या, आणि फेब्रुवारी १७१२ मध्ये सभेस दोनशेहून अधिक लोक जमले; जागेअभावी कित्येकांना परत जावे लागले. सहायक पाळकास हे रुचले नाही. त्याने लंडनला तक्रार लिहिली. रेव्हरंड सॅम्युएल यांनी पत्नीस पत्र धाडून हरकत घेतली : हे विचित्र दिसते, तुम्ही स्त्री आहात, आणि माझ्या पदाचाही विचार करावयास हवा.

वाचकहो, येथे सुसान्नाबाईंपुढे दोन सोपे मार्ग होते. सभा निमूटपणे बंद करता आली असती. किंवा पती दूर आहेत, त्यांना काय कळणार, असे म्हणून चालूही ठेवता आली असती. त्यांनी दोन्ही नाकारले. ६ फेब्रुवारीच्या पत्रात त्यांनी सर्व हकिगत उघड लिहिली. आपण स्त्री आहोत, तशाच एका मोठ्या कुटुंबाच्या गृहिणीही आहोत. घरातील आत्म्यांचा मुख्य भार कुटुंबप्रमुख व पाळक म्हणून पतीवर आहे. परंतु त्यांच्या गैरहजेरीत प्रत्येक आत्मा ही प्रभूने आपल्या हवाली केलेली ठेव आहे, तिचा हिशेब आपणांस द्यावा लागेल. दुसऱ्या कोणाकडून उपदेश वाचवून घ्यावा, तर जमणाऱ्या पुरुषांत अडखळल्यावाचून वाचू शकेल असा एकही नाही. परदेशी जाताना दासांच्या हाती धन सोपविणाऱ्या धन्याचा दाखला तुम्ही अनेकदा ऐकला असेल. तो दाखला आपल्याच घराविषयी आहे, असे समजून सुसान्नाबाईंनी तो वाचला होता.

पतीचे समाधान झाले नाही. तेव्हा २५ फेब्रुवारीच्या पत्रात त्यांनी सभेचे फळ मांडले : सात वर्षे देवळाची पायरी न चढलेला माणूस उपासनेस येऊ लागला आहे, आणि गावकऱ्यांचे पाळकाच्या घराशी असलेले वैर निवळत आहे. शेवटी त्यांनी एकच मागणे केले. सभा बंद व्हावी असे वाटत असेल तर केवळ इच्छा कळवू नये; स्पष्ट आज्ञा करावी, म्हणजे न्यायाच्या दिवशी या संधीचा हिशेब आपल्या माथी राहणार नाही. रेव्हरंड सॅम्युएल यांनी तशी आज्ञा केली नाही. ते घरी परतेपर्यंत सभा चालू राहिली, आणि जॉन व चार्ल्स त्या स्वयंपाकघरात बसून ऐकत राहिले.

या घराचे सर्वच अनुकरणीय होते असे नव्हे. वर्षाच्या आतच मुलाला छडीचे भय शिकवावे, हे सुसान्नाबाईंचे मत आज आपण स्वीकारू नये. हेटी ही बुद्धिमान मुलगी १७२५ साली घर सोडून गेली आणि वडिलांनी तिला शेवटपर्यंत मनापासून क्षमा केली नाही. शिस्तीने सारी दुःखे टळतात, असा दावा हे चरित्र करीत नाही.

१७३५ साली रेव्हरंड सॅम्युएल प्रभुवासी झाले. वैधव्याची काही वर्षे मुलांकडे काढल्यावर सुसान्नाबाई लंडनला जॉनच्या फाउंड्री या सभागृहातील निवासात राहू लागल्या. एकदा जॉन परगावी असता त्यांच्या मागे काम पाहणारा थॉमस मॅक्सफील्ड, दीक्षित पाळक नसूनही, उपदेश करू लागला. ते ऐकून जॉन चिडून परतले. तेव्हा आईने त्यांना सावध केले : या तरुणाला देवाचे पाचारण तुमच्याइतकेच खरे आहे, आधी त्याच्या कामाचे फळ पाहा, मग ठरवा. जॉन यांनी ऐकून घेतले, आणि मेथॉडिस्ट चळवळीत अदीक्षित उपदेशकांना स्थान मिळाले. गैरहजर माणसाच्या जागी उभे राहणे काय असते, हे त्या मातेस चांगले ठाऊक होते.

२३ जुलै १७४२ रोजी सुसान्नाबाईंनी देह ठेवला. आपण मुक्त होताच मुलांनी देवाचे स्तुतिस्तोत्र गावे, अशी त्यांची अखेरची इच्छा होती. ती मुलांनी पाळली. लंडनच्या बनहिल फील्ड्स दफनभूमीत त्यांची कबर आहे.

भगिनींनो, घरधनी दूर असता तुम्ही केवळ त्याची वाट पाहत नाही. ठेव तुमच्या हाती आहे. घरातील गोष्ट त्याच्यापासून लपवू नका, आणि जे करणे अवश्य आहे ते त्याच्या परतीपर्यंत खोळंबून ठेवू नका. एका मुलासाठी आठवड्यातील एक सायंकाळ राखणे आजही कोणत्याही घरी शक्य आहे. आणि बंधूंनो, आज घरचा निरोप फोनवर क्षणात पोहोचतो. तेव्हा हुकूम पाठविण्याआधी पत्नीचे म्हणणे शेवटपर्यंत ऐका. रेव्हरंड सॅम्युएल यांनी त्या हिवाळ्यात निदान एवढे केले, आणि एपवर्थच्या स्वयंपाकघरातील सभा वाचली.