रावढळच्या गोपाळबाबांची उलटतपासणी

महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांतून आमची मुले वकील, प्राध्यापक, लेखक झाली. तरीही कोर्टात उभे राहताना, लेख लिहिताना मनात एक शंका येतेच. ही जागा खरेच आपली आहे का? आपले पितळ उघडे तर पडणार नाही? इतकी वर्षे वकिली करूनही ही शंका आम्हाला अधूनमधून गाठते. मानसशास्त्रात तिला इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात. पण आमच्याबाबतीत हा निव्वळ मनाचा खेळ नाही. तुला अधिकार नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या बजावणाऱ्या जातिव्यवस्थेचाच तो आवाज आहे.

अशा वेळी महाड तालुक्यातील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर आठवावेत. लष्करातून 1886 मध्ये निवृत्त होऊन ते दापोलीत राहिले. ते महात्मा फुल्यांच्या विचारांचे. विद्यापीठाची पदवी नाही. शास्त्रावर बोलण्याचा अधिकार तर धर्मानेच नाकारलेला. तरीही गोपाळबाबांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहून उच्चवर्णीयांना 26 प्रश्न विचारले. उत्तर देणाऱ्याला पोथी शोधावी लागते. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःचा अनुभव आणि बुद्धी पुरते. पंडित होण्याची वाट न पाहता त्यांनी पंडितांचीच उलटतपासणी घेतली!

ते एकटेही राहिले नाहीत. त्यांनी ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ उभी केली. ‘दीनबंधु’ आणि ‘सुधारक’ या पत्रांतून लिहिले. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा, 1894 मध्ये, त्याविरुद्ध अर्ज तयार केला. 1895 मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली आणि सवर्णांचा पोटशूळ उठला. वृत्तपत्रांतून वाद झडले. सरकारने रीतसर दिलेली खुर्चीसुद्धा लोकांना खुपते, हे आजच्या आमच्या तरुणांना वेगळे सांगायला नको. मात्र खुपणे हा त्यांचा दोष आहे, आपल्या लायकीचा पुरावा नव्हे.

1900 मध्ये गोपाळबाबा गेले. त्यानंतर 27 वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, त्याच महाडात बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. विटाळाच्या ज्या कल्पनेला गोपाळबाबांनी कागदावर जाब विचारला, तिलाच तळ्याच्या काठावर हजारोंनी आव्हान दिले.

म्हणून बंधू-भगिनींनो, लेखणी थबकली तर गोपाळबाबांचे स्मरण करा. एकटे कुढू नका, आपल्या माणसांत या. आणि स्वतःची उलटतपासणी थांबवून व्यवस्थेची सुरू करा. जयभीम!