पंडिता रमाबाईंच्या स्वभावातील पालट

शब्बाथ शाळेत पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगताना आपण बहुधा त्यांच्या पायपिटीपासून सुरुवात करतो. इंदूरच्या बडा गणपतीला जशी भाविकांची ये-जा असते, तशी ती जिथे असे त्या देवळांच्या आवारात बसून डोंगरे कुटुंब पुराणे सांगे आणि पुढच्या गावी जाई. 1874 च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. पुढे भाऊ गेला, आणि 1882 साली पतीही. पदरी लहानगी मनोरमा.

अशा आयुष्याने माणूस कणखर होतो, पण त्याला एक सवयही जडते. सारे काही आपल्याच बुद्धीने आणि आपल्याच हिमतीने करावयाचे. 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही पटल्यावाचून एकही मत त्या स्वीकारीत नसत. (हा दोष होता असे मी म्हणणार नाही.) 1889 साली मुंबईस त्यांनी शारदा सदन काढले. तेव्हाही भार एकटीनेच वाहण्याची त्यांची रीत होती.

बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मिळावयाचा राहिला आहे. तेथून स्वभाव हळूहळू पालटू लागला. कसोटी लवकरच आली. 1893 साली पुण्यात धर्मांतराचा गवगवा होऊन पालकांनी पुष्कळ मुली सदनातून काढून नेल्या आणि सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले. रमाबाई खचल्या नाहीत, कडवटही झाल्या नाहीत.

1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे 300 मुली आणल्या. इतक्यांचे एकटीने करू गेले असते तर कोणीही मोडून पडले असते. पण केडगावी आता कामाची वाटणी झाली. सुंदराबाई पवार मदतीस होत्या. 1898 साली रमाबाई अमेरिकेस गेल्या तेव्हा मिनी अब्राम्स या मिशनरी बाईंनी केडगाव सांभाळले. मनोरमाबाई मोठ्या झाल्यावर आईचा उजवा हात बनल्या. शेती, विणकाम, छापखाना मुलीच चालवू लागल्या. पैशाची चिंता प्रार्थनेत ठेवली जाई. संख्या पुढे 2000 च्या घरात गेली.

करारीपणा मात्र शेवटपर्यंत राहिला. ऐकू कमी येऊ लागले, तरी हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. 1921 साली मनोरमाबाई वारल्या. त्या दुःखातही काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या, आणि मुक्तीच्या मुलींनी स्वतः जुळवलेल्या खिळ्यांतून तो ग्रंथ छापून निघाला.