पाउल रेनर : एका अक्षरवळणाची कथा

आपण ग्रंथ वाचतो, ग्रंथकाराचे नाव ध्यानात ठेवतो. पण त्यातील अक्षरांचे वळण कोणी घडविले याची चौकशी सहसा करीत नाही. जर्मनीतील पाउल रेनर हे असेच अक्षरे घडविणारे एक कलावंत.

त्यांचा जन्म १८७८ साली वेर्निगेरोडे या गावी झाला. वडील धर्मशास्त्राचे अभ्यासक. रेनर चित्रकला शिकले आणि पुढे म्युनिकला पुस्तकांची मांडणी व सजावट करू लागले. त्या काळी बहुतेक जर्मन पुस्तके 'फ्राक्टुर' या कोनेदार, तुटक वळणात छापली जात, आणि तेच खरे जर्मन अक्षर असा अनेकांचा अभिमान होता.

रेनर यांनी वर्तुळ, त्रिकोण व चौकोन यांवर आधारलेले, शेपट्या-फुलोरा नसलेले नवे वळण काढले. फ्रँकफुर्टच्या बाउअर टाइप फाउंड्रीने १९२७ साली ते बाजारात आणले. नाव ठेवले 'फुटुरा', म्हणजे भविष्याचे. त्या वेळी रेनर पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. भूमितीत बसवलेली काही विचित्र अक्षरे त्यांनी आधी काढून पाहिली होती, पण ती मागे पडली. त्यातला 'ओ' कंपासाने काढल्यासारखा भासतो, पण तो काटेकोर वर्तुळ नाही. जोडाशी रेषाही किंचित बारीक केलेल्या आहेत. गणितापेक्षा डोळ्याला मान देणारा हा माणूस मला फार आवडतो.

या वळणाचा जाड प्रकार खरा शोभतो तो मथळ्यात, भित्तिपत्रकावर, पाटीवर. जेथे शब्द थोडे आणि पाहणारा दूर. माझी आई शाळेत गेलेली नाही, तरी एस.टी.च्या पाटीवरील आमच्या गावाचे नाव ती आकारावरून ओळखते. ठळक अक्षराचे काम मला त्यातून कळले. मात्र याच जाड अक्षरांत पानेच्या पाने छापली तर डोळे शिणतात. फोक्सवॅगन मोटारीच्या १९५९ नंतरच्या गाजलेल्या जाहिरातींत फुटुराचे मथळे मोजक्या शब्दांचे होते, भोवती भरपूर कोरी जागा.

रेनर म्युनिकच्या मुद्रणविद्यालयाचे प्रमुख होते. १९३२ साली त्यांनी नाझींच्या कलाविषयक द्वेषाविरुद्ध एक पुस्तिका लिहिली. ती स्वित्झर्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. मार्चमध्ये त्यांचे सहकारी यान चिखोल्ड यांना अटक झाली, एप्रिलमध्ये रेनर यांना. सुटका लवकर झाली, पण पद गेले. पुढे १९४१ साली नाझींनी स्वतःच फ्राक्टुर वळण ज्यूंचे ठरवून बंद केले! रेनर यांना मात्र कोणी परत बोलावले नाही. ते बोडेन सरोवराजवळ हडिंगेन येथे राहून चित्रे काढीत, लिहीत. १९५६ साली तेथेच त्यांचे निधन झाले.

त्यानंतर तेरा वर्षांनी, जुलै १९६९ मध्ये, अपोलो ११ चे यान चंद्रावर उतरले. त्याच्या शिडीच्या पायाला लावलेल्या धातूच्या पाटीवरील मजकूर फुटुराच्या मोठ्या अक्षरांत कोरलेला आहे. ती पाटी तेथेच आहे.